युनियनच्या अधिवेशनाला डेलिगेट म्हणून जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या युनियनचं वार्षिक अधिवेशन जवळ आलं की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, माझं नाव डेलिगेट म्हणून घातलंय, तिथे नक्की काय करायचं असतं?" दरवर्षी तेच प्रश्न आणि दरवर्षी मी तेच सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी बँकेत क्लार्क आहे, युनियनमध्ये पद वगैरे काही नाही, पण चार वेळा डेलिगेट म्हणून जाऊन आलेय, त्यातलं पहिलं वर्ष अक्षरशः वाया गेलं, ते कसं ते खाली येईलच. एसटी, वीज, नगरपालिका, शिक्षक यांच्या संघटनांत थोडाफार फरक असणार, तेव्हा आधी तुमची घटना काय म्हणते ते बघा. घटना म्हणजे युनियनची घटना, देशाची नाही. हसू नका, हा प्रश्नही मला एका नवीन मुलाने खरंच विचारलाय.

डेलिगेट म्हणजे कोण? आणि निरीक्षक वेगळा का असतो?

सगळे सभासद एका जागी बसू शकत नाहीत आणि सगळेच गेले तर काऊंटर कोण सांभाळणार, म्हणून ठराविक सभासदांमागे एक माणूस पाठवायचा, तो डेलिगेट. आमच्याकडे १५ सभासदांमागे १ असा हिशेब आहे, तीन-चार माणसांच्या छोट्या शाखा असतील तर त्यांचा एक गट करतात. डेलिगेटला मत असतं. निरीक्षकाला बिल्ला मिळतो, फोल्डर मिळतो, जेवण मिळतं, सगळं ऐकायला मिळतं, फक्त मतदानाच्या वेळी हात खाली ठेवायचा. आमच्याकडे डेलिगेटचा बिल्ला लाल आणि निरीक्षकाचा निळा. हे रंग लक्षात ठेवा, पुढे एक गोष्ट सांगणार आहे.

मला न विचारताच नाव घातलंय, नाही म्हणता येतं का?

येतं की. शाखेची सभा संध्याकाळी साडेपाचला असते, निम्मे लोक बस पकडायला पळालेले, जे उरलेत ते म्हणतात ह्या वेळी नवीन कुणीतरी जाऊ दे, आणि जो हजर नसतो तोच नवीन. नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणा म्हणजे पर्यायी नाव जातं. आदल्या रात्री "घरी पाहुणे आलेत" असा मेसेज टाकलात तर खुर्ची रिकामी राहते आणि तुमच्यासकट १५ जणांचं मत गेलं. आमच्या घटनेत प्रॉक्सी नाही, तुमच्या जागी मैत्रिणीने हात वर केलेला चालत नाही.

जायच्या आधी काय वाचायचं?

चार कागद येतात: सरचिटणीसांचा अहवाल, जमाखर्च आणि ताळेबंद, ठरावांचे मसुदे, आणि असेल तर घटनादुरुस्ती. पूर्वी पोस्टाने छापील यायचे, आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ पडते आणि गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडली जाते. शोधून प्रिंट काढा.

अहवालाची सुरुवात जागतिक परिस्थितीपासून होते, मग देशाची परिस्थिती, मग बँकिंग उद्योग, आणि आपल्या शाखांतली अपुरी माणसं, बंद पडलेले एसी आणि अडकलेल्या बदल्या शेवटच्या दोन-तीन पानांवर येतात. वेळ कमी असेल तर अहवाल सरळ मागून वाचा, मी तसंच करते. घटनादुरुस्ती मात्र शब्द न शब्द वाचा, कारण ठराव पुढच्या वर्षी दुसरा करता येतो, घटनेतली ओळ बदलली की ती परत बदलायला बहुतेक ठिकाणी दोन तृतीयांश मतं लागतात.

आता माझं पहिलं वर्ष. मी काहीच वाचलं नव्हतं. बॅगेत दोन साड्या, एक स्वेटर आणि चिवडा. एक ठराव आला की एकट्या क्लार्कच्या शाखेत रजेच्या वेळी शेजारच्या मोठ्या शाखेतून डेप्युटेशनवर माणूस द्यावा. ऐकायला किती छान, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला, टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर आमचे हेड कॅशियर म्हणाले, "अगं शेजारची मोठी शाखा म्हणजे आपणच ना? आपण तिघं आहोत, त्यातला एक गेला तर विंडो कोण उघडणार? हे तिथे बोललीस का?" बोलायचं सोडा, ठरावात आमच्यासारख्या शाखेसाठी काही अट होती की नाही हेसुद्धा मला सांगता येईना. एकट्याने शाखा चालवणाऱ्यांचं दुखणंही खरंच होतं, ठराव काही चुकीचा नव्हता, पण माझ्या शाखेची अडचण त्या हॉलमध्ये मांडायला मलाच पाठवलं होतं आणि मी टाळ्या वाजवून आले.

शाखेने सांगितलं तसंच मत द्यायचं की मनाने?

यावर मी जरा लांब बोलणार आहे कारण खरा घोळ इथेच असतो.

ज्या विषयावर शाखेत बसून चर्चा झाली आणि ठरलं, तिथे तुमचं मत म्हणजे शाखेचं मत. ज्यावर शाखेत कुणी शब्दही काढला नाही (अशा गोष्टी जास्त असतात), तिथे तुम्ही दोन्ही बाजू ऐका आणि परत जाऊन ज्यांच्याबरोबर डबा खायचाय त्यांची तोंडं डोळ्यापुढे आणून ठरवा. अवघड जातो तो तिसरा प्रकार. शाखेने सांगितलं विरोध करा, आणि तिथे ऐकल्यावर वाटायला लागतं की विरोध करणं बरोबर नाही.

माझ्यावर हे आलं ते बाराव्या करारानंतर. बँकांचे पगार बँकांची व्यवस्थापनं आणि युनियन यांच्यातल्या द्विपक्षीय करारातून ठरतात, पहिला करार १९६६ चा, आणि बारावा ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्के वाढ, लागू मात्र १ नोव्हेंबर २०२२ पासून. म्हणजे सगळ्यांना सोळा-सतरा महिन्यांचे एरियर्स. एरियर्स आले की युनियनची लेव्ही, म्हणजे त्या एरियर्समधून एकदाच घ्यायची जादा वर्गणी, येते, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. कार्यकारिणीचा ठराव होता की सगळ्यांकडून एकाच टक्क्याने लेव्ही घ्यावी. आमच्या शाखेने ठणकावून सांगितलं होतं, "वर्गणी दर महिन्याला पगारातून कापताच की, आता लेव्ही कशाला? विरोध कर."

निवडणूक ड्युट्या आटोपल्यावर जूनमध्ये सोलापूरला अधिवेशन झालं, पाऊस अजून यायचा होता, मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच आणि चार कूलर नुसते आवाज करणारे. खजिनदारांनी उभं राहून सांगितलं की नोकरीवरून काढलेल्या दोन सबस्टाफची (म्हणजे शिपाई वगैरे) केस कोर्टात चालू आहे, वकिलाची फी किती, तारखांना जाण्या-येण्याचा खर्च किती. ते ऐकून माझं मन डळमळलं. मग एकाने उपसूचना, म्हणजे मूळ ठरावात बदल सुचवणारी सूचना, मांडली की सबस्टाफकडून निम्म्याच टक्क्याने लेव्ही घ्यावी, बाकीच्यांकडून पूर्ण. जेवणाच्या सुट्टीत मी शाखेत फोन लावला, तिकडे स्पीकरवर टाकला, मागे नोटा मोजायच्या मशीनचा आवाज, मी सगळं सांगितलं. पाच मिनिटं वादावादी झाली. शेवटी आमचे हेड कॅशियर म्हणाले, निम्मी होत असेल तर दे पाठिंबा, आमचं काय ते आम्ही भरू. मी उपसूचनेच्या बाजूने हात वर करायचा ठरवला.

तर सांगायचं हे की फोन लावा. हातात मोबाईल असताना "शाखेने सांगितलं होतं म्हणून" असं तोंड करून बसायचं काही कारण नाही. फोन लागला नाही तर स्वतः ठरवा, पण का ठरवलं ते कागदावर लिहून ठेवा.

सुट्टी मिळते का? खर्च कोण करतं?

पदाधिकाऱ्यांना युनियनच्या कामासाठी विशेष रजेची तरतूद बऱ्याच ठिकाणी असते, साध्या डेलिगेटला ती मिळेलच असं धरून चालू नका, मी दोनदा स्वतःची सीएल टाकून गेलेय. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज वेळेवर द्या, सोबत युनियनचं पत्र जोडा. प्रवासखर्च आमच्याकडे स्लीपर किंवा एसटीचं भाडं, तिकीट जपून ठेवा, तिकीट नाही तर पैसे नाहीत.

राहायची सोय कशी असते? एकट्या बाईने जावं का?

जावं. सोय म्हणजे गाद्या, सतरंज्या आणि सार्वजनिक घोरणं. बायकांची खोली वेगळी असते पण ती कुठे आहे, रात्री तिथपर्यंत जायचं कसं, आणि बाथरूमला आतून कडी आहे का हे स्वागत समितीला आधी फोन करून विचारा, विचारायला लाजू नका. मी विचारायला लागल्यापासून दोन अधिवेशनांत आमची खोली मुख्य हॉलच्याच आवारात मिळाली. गीझर एकच असतो, पाचला उठा. जेवणाची तक्रार कधी करू नये असं म्हणतात, पण सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगाचटणी असताना कुणीतरी पनीरची भाजी केली होती, ते मी अजून विसरले नाहीये.

पहिल्या दिवशी काय होतं?

झेंडावंदन, हुतात्म्यांना आदरांजली, वर्षभरात गेलेल्यांसाठी शोकप्रस्ताव, मग खुलं अधिवेशन म्हणजे पाहुण्यांची भाषणं. इतिहास इथे ऐकायला मिळतो: नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ३१ ऑक्टोबर १९२० ला आयटक ही कामगार संघटनांची शिखर संघटना मुंबईतच स्थापन झाली आणि लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले, बँक कर्मचाऱ्यांची देशव्यापी संघटना एआयबीईए २० एप्रिल १९४६ ला कोलकात्यात जन्मली. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, चौथ्यांदा डुलकी. डुलकी काढायची तर इथेच काढून घ्या, कारण दुपारी प्रतिनिधी सत्र सुरू झालं की दारं लावतात, पाहुणे जातात, आणि मग जे होतं त्यासाठी तुम्हाला पाठवलेलं असतं.

मतदान नक्की कसं घेतात?

ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, मग चर्चा, मग कुणाची उपसूचना असेल तर आधी उपसूचनेवर मत घेतात आणि नंतर मूळ ठरावावर. इथे नवीन माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं आपण ठरावावर मत देतोय आणि तो उपसूचनेला हात वर करून बसतो. समजलं नाही तर उभं राहून विचारा, "अध्यक्ष महाराज, आत्ता मत कशावर घेताय?" शंभर लोकांच्या मनात तोच प्रश्न असतो.

साधे ठराव आवाजी मतदानाने जातात. आवाजावरून कळेना तर हात वर. त्यावरही कुणी हरकत घेतली तर मोजणी, स्वयंसेवक रांगेरांगेतून फिरून मोजतात. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीला चुरस असेल तर चिठ्ठ्या.

आता लाल-निळ्या बिल्ल्यांची गोष्ट. त्या लेव्हीच्या उपसूचनेवर मोजणी झाली. बाजूने ६१, विरोधात ५८. आम्ही टाळ्या वाजवायला सुरुवात केली तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकाने हरकतीचा मुद्दा काढला की मागे निरीक्षकांनी पण हात वर केलेत. खरंच होतं ते, उकाड्याने लोक कूलरसमोर सरकत सरकत सगळे मिसळून बसले होते आणि बिल्ला कुणाच्या साडीच्या पदराखाली, कुणाच्या फाईलमागे. अध्यक्षांनी सगळ्या निळ्या बिल्ल्यांना उठवून डाव्या भिंतीला उभं केलं आणि पुन्हा मोजलं. बाजूने ५६, विरोधात ५८. उपसूचना पडली, दोन मतांनी. नंतर मूळ ठराव आवाजी मतदानाने पास, सबस्टाफलाही पूर्ण लेव्ही.

संध्याकाळी कळलं की आमच्या बाजूचे तीन डेलिगेट तेव्हा रस्त्यापलीकडच्या रसवंतीत होते. उसाचा रस प्यायला. उकाडा होताच, मी काही म्हणत नाही.

भाषण करायची भीती वाटते, बोललंच पाहिजे का?

नाही. पण शाखेने काही सांगायला दिलं असेल तर बोला. नाव आधी चिठ्ठीवर द्यायचं, तीन मिनिटं मिळतात, तिसऱ्या मिनिटाला बेल वाजते. पहिली दोन मिनिटं "मंचावरील सर्व मान्यवर" मध्ये घालवू नका. शाखा सांगा, अडचण सांगा, काय हवंय ते सांगा, बसा. कागद बघून वाचलंत तरी चालतं. माझे पाय अजून थरथरतात, टेबलामागे दिसत नाहीत एवढंच.

हिशेबावर प्रश्न विचारला तर वाईट दिसतं का?

दिसू दे. पैसे तुमचेच आहेत, आणि सभासदाला युनियनच्या हिशेबाच्या वह्या बघायचा हक्क १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच दिलेला होता, कुणी मेहरबानी करत नाही. मी एकदा "किरकोळ खर्च" ह्या नावाखाली दिसलेल्या मोठ्या रकमेबद्दल विचारलं. हॉलमध्ये एकदम शांतता. खजिनदारांनी दोन मिनिटांत फोड सांगितली, मोर्चाचे मांडव, बॅनर, गाड्या, सगळं चोख होतं, आणि पुढच्या वर्षीपासून ती फोड छापून यायला लागली. फक्त प्रश्नाचा सूर चोर पकडल्यासारखा नको. आणि अहवाल-ताळेबंद एकदा मंजूर झाला की मग चहाच्या रांगेत कुजबुजून काही होत नाही.

निवडणूक बिनविरोध असेल तर मग मी कशाला गेलो?

बिनविरोध ही आपल्याकडची आवडती गोष्ट आहे, आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत खोल्याखोल्यांत बैठका चालतात आणि सकाळी "एकमताने" म्हणून यादी वाचतात. कधी ते चांगलं असतं, भांडणं टळतात. कधी तीच तीच नावं पंधरा वर्षं चालतात, निवृत्त झाल्यावरसुद्धा. २०१० नंतर लागलेल्या पोरांना एनपीएस आहे, जुनी पेन्शन नाही, आणि यादीत त्यांच्यातलं एकही नाव नसेल तर पेन्शनवर पोटतिडकीने कोण बोलणार, हे मी विचारलं होतं, त्या वर्षी एक सहचिटणीसपद त्यांना मिळालं. अर्ज भरायची मुदत आणि छाननीची वेळ विचारून ठेवा.

कुणी दबाव आणला तर?

"सगळे हात वर करतायत, तू एकटीच का बसलीस" हे होणार. प्रेमाने होतं, चहा पाजून होतं. तटस्थ राहायचा पर्याय असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मी एकदा तटस्थ राहिले तर शेजारचे काका दिवसभर बोलले नाहीत, रात्री स्वतःच्या डब्यातली चकली दिली.

मला राजकारण नको, लाल झेंडा बघून घरचे घाबरतात.

सगळ्या युनियन लाल नाहीत, बँकेत युएफबीयूच्या छत्राखाली वेगवेगळ्या विचारांच्या नऊ संघटना एकत्र येऊन करार करतात. "कॉम्रेड" म्हणवत नसेल तर साहेब, ताई, भाऊ काहीही म्हणा. पण सरकारी बँकेत कामाला राहून बँकांच्या खासगीकरणावरचा ठराव म्हणजे राजकारण आणि आपला पगार म्हणजे राजकारण नाही, असं वेगळं काढता येत नाही हो.

ठराव करून काही होतं का? दरवर्षी तेच तर असतात.

पाच दिवसांच्या आठवड्याचा ठराव मी पहिल्या वर्षी ऐकला आणि चौथ्या वर्षीही ऐकला. मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी अशीच ठराव करकरून २०१५ च्या दहाव्या करारात आली आणि १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाली. त्याआधी शनिवार अर्धा असायचा, अर्धा म्हणजे साडेतीन-चार वाजेपर्यंत. आता त्या शनिवारी तुम्ही मुलाच्या पालकसभेला जाता ना, ते कुणाच्या तरी कंटाळवाण्या ठरावातून आलंय.

माझं मत हरलं तर परत येऊन ठराव मानायचा का?

मानायचा. तिथे भांडा, विरोधात हात वर करा, नोंद करायला सांगा, पण पास झाला की तो युनियनचा ठराव. चुकीचा वाटला तर पुढच्या वर्षी दुरुस्ती घेऊन या, मसुदा मुदतीत पाठवा, अनुमोदक आधीच शोधून ठेवा.

परत आल्यावर काय करायचं?

आठवड्याच्या आत शाखेत सांगायचं. अर्धा तास पुरतो, जेवणाच्या सुट्टीत पण चालतं. काय पास झालं, काय पडलं, तुम्ही कुठे हात वर केला आणि का. फोटो टाकून मोकळं होऊ नका, स्टेजवर कोण बसलं होतं याच्याशी लोकांना काही देणंघेणं नसतं.

सोलापूरहून आल्यावर मी लेव्हीचं सांगितलं तेव्हा आमचे सबस्टाफमधले मामा डबा खात होते, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती मतांनी पडलं म्हणालीस?"

"दोन."

"आणि रस प्यायला किती गेलेले?"

"तीन."

मामांनी हात धुतले, लेव्हीच्या फॉर्मवर सही केली आणि फॉर्म माझ्याकडे देताना म्हणाले, पुढच्या वेळी माझं नाव घाल, मला शुगर आहे, मी रस पीत नाही.